ऐकताच उठावं

आमच्या पोळीत, म्हणजे एका दरवाजाच्या आतल्या अरुंद गल्लीत, दुपारी सुईत दोरा ओवायचा असेल तर पारसनफोईच्या चौकात जावं लागतं. बाकीच्या घरांत भरदिवसा चाचपडायची पाळी. घरं एकमेकांना अशी चिकटलेली की अमदाबादेत सूर्य सगळ्यांचा असला तरी उजेड ज्याच्या चौकात पडेल त्याचाच. फोईच्या चौकात तो पडायचा, कारण शेजारचं दलसुखभाईचं घर बसकं होतं. त्याच्या कौलांवरून ऊन घसरत यायचं आणि फोईच्या मांडीवरच्या मखमलीवर थांबायचं.

त्या मखमलीवर फोईचं पोट होतं. आम्हा जैनांच्या उपाश्रयात साधू-साध्वींच्या पाठीमागे जरीचे पडदे लावतात ना, ते ती भरायची. लहानपणी लग्न झालं, कुंकू पुसलं तेही लहानपणीच, आणि ती बापाच्या घरी परत आली ती कायमची. सगळ्या पोळीची फोई, म्हणजे आत्या, झाली. म्हणून कुणी तिला मायेची सावली वगैरे समजू नये. जीभ तिखट, हात आखडता. एका हरवलेल्या खलबत्त्यावरून माझ्या सासूशी तिने अबोला धरला, तो सासू गेल्यावरच सुटला. पण तिच्या हातचा मोर पडद्यावर असा उमटायचा की व्याख्यान ऐकायला आलेल्या बायका महाराजांकडे कमी आणि मोराकडे जास्त बघायच्या.

पोळीचा जुना कायदा सगळ्यांना पाठ आहे. घर विकलं की पहिला हक्क शेजाऱ्याचा. ज्या किमतीला गेलं असेल ती किंमत मोजून त्याने ते घ्यावं. पण विक्री झाल्याचं कानावर पडताच त्याने जागचं उठून मागितलं पाहिजे. पगडी बांधतो, हात धुतो, बायकोला विचारतो म्हणाला की हक्क गेला. ऐकताच उठावं, ही म्हणच झाली आहे आमच्याकडे. पोरांना ती दोन गोष्टींतून शिकवतात. एक मुक्या बेचरची. न्हाव्यापुढे बसला असताना त्याला शेजारचं घर विकल्याचं कळलं, तर अर्धी दाढी तशीच ठेवून तो ताडकन उभा राहिला. तोंडातून शब्द निघत नव्हता, पण पंचांनी उभं राहणं हेच मागणं मानलं आणि घर त्याला दिलं. या गोष्टीला पोरं खूप हसतात.

दुसरी गोष्ट फोईच्या बापाची, अमीचंदभाईंची. दलसुखचं आणि फोईचं घर मूळचं एकच. फोईच्या काकाने आपला अर्धा हिस्सा दलसुखच्या बापाला विकला, तेव्हा अमीचंदभाई जेवत होते. ताटात उष्टं टाकणं पाप. जेवण झालं की ताट पाण्याने विसळून ते पाणी प्यायचं, हा आमचा नेम. सांगणारा दारात उभा होता. अमीचंदभाईंनी आधी ताट विसळलं, पाणी प्यायले आणि मग उठले. पंच म्हणाले, घर आधी की ताट आधी, ते तुम्हीच ठरवलंत. अर्धं घर गेलं ते गेलंच. विसळायला पाण्याचा लोटा आणून दिला होता छोट्या पारसनने. "लोटा मी दिला," असं ती म्हातारपणापर्यंत सांगायची, जणू घर तिनेच विकलं होतं.

तर दलसुखभाई मुंबईला जाऊन राहिला आणि त्याच्या घराला कुलूप लागलं. इकडे कापसाच्या तेजीत ज्यांची घडी बसली त्यांत आमच्या पोळीच्या तोंडाशी राहणारा गलालचंद होता. एके सकाळी त्याच्या दारापुढे विटांचे ढीग पडले. मग कळलं की त्याने कचेरीतून तीन मजली भिंतीची रजाचिठ्ठी, म्हणजे परवानगी, काढली आहे. पूर्वी भिंत उचलायची तर शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून, सुपारी पुढे करून विचारावं लागायचं. नव्या कायद्याने ते कचेरीत विचारायचं झालं. चिठ्ठीत भिंतीची लांबी होती, उंची होती, गटार कुठून न्यायचं तेही होतं. पलीकडच्या बाईने सुईत दोरा कसा ओवायचा, ते मात्र कुठे नव्हतं.

फोई तडक गलालचंदकडे गेली. भिंत कुठे बांधणार, असं तिने विचारलं. तो हसून म्हणाला, "फोई, बांधायला माझी जागा आहे कुठे? दलसुखचं घर दलसुखचं आहे. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

तो जिवाला घोर तिने लावून घेतलाच, कारण दलसुखचं घर हाच घेणार हे तिने ओळखलं होतं. पेटीच्या तळाशी गाठोड्यात बांधलेलं स्वतःचं लग्नातलं सोनं तिने सोनाराकडे नेऊन जोखून आणलं. मग ती वाट बघत बसली. विक्री होण्याआधी मागून उपयोग नाही, आणि झाल्यावर क्षणभर उशीर चालत नाही. तिचं जगणं बघवत नव्हतं. ताटात चमचाभर खिचडी घ्यायची, ती खाऊन ताट विसळून प्यायची आणि मग पुढचा चमचा वाढून घ्यायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "हस, तुझ्या घरात आधीच अंधार आहे." नहाणीत गेली तरी कान दाराकडे. पाठ टेकायची ती भिंतीला, अंथरुणाला नाही. महिन्याभरात ती वाळून काडी झाली.

दिवसातून एकाच वेळेला मात्र ती बांधलेली असायची. रोज दुपारी उपाश्रयात ती सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायची. आसन, तोंडापुढे मुहपत्तीचं फडकं, समोर वाळूची घटिका. दोन घटिका संसाराचा एक शब्द बोलायचा नाही, असा नियम घेतलेला. आजारपणातही तो तिने मोडला नव्हता. हे पोळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि गलालचंदच्या बायकोला जास्तच.

ही बायको, दिवाळी तिचं नाव, धर्माला फार पक्की. आठ दिवसांचा उपास केला तर आठ महिने सांगायची. कुणी मुहपत्ती नीट घडी केली नाही, कुणी चालताना खाली बघितलं नाही, हे तिच्या नजरेतून सुटायचं नाही. त्या दिवशी मला महिन्याची अडचण होती, म्हणून उपाश्रयात गेले नव्हते. नंतर बायकांनी मला जे सांगितलं ते असं. साध्वीजी गोचरीला, भिक्षा आणायला, गेल्या होत्या. फोईने नियम घेतला, घटिका उलटी केली, आणि वाळूची पहिली धार पडली तेवढ्यात दिवाळी आत आली. तिने स्वतः नियम घेतला नाही. मधोमध उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज सकाळी दलसुखभाईच्या घराचा दस्त झाला, बरं का. आमच्या नावावर. फोई, ऐकलंत ना?"

यापुढे बायका काही सांगेनात.  निम्म्यांचे नवरे गलालचंदच्या वखारीवर होते.

मी माझ्या उंबऱ्यावर बसले होते तेव्हा फोई गल्लीतून येताना दिसली. मुहपत्ती अजून हातात होती. घराकडे वळली नाही, सरळ दलसुखच्या दाराशी गेली आणि कुलपावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "हे घर मी मागते. गेलं त्या किमतीला मागते." असं तीनदा. मग माझ्याकडे वळली. "तू ऐकलंस? नवऱ्याला बोलाव. त्यालाही ऐकू दे."

मी हळूच विचारलं, "फोई, उपाश्रयात बोललात का काही?"

"नाही," ती म्हणाली.  वाळू संपेपर्यंतचा वेळ म्हणजे एक ताट विसळण्यापेक्षा कितीतरी जास्त. बापासारखंच हिचंही झालं, असं मला वाटलं आणि रडू आलं. खलबत्ता राहिला बाजूला.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात कबुतरांच्या चबुतऱ्याखाली पंच बसले. मध्ये उगरचंद शेठ, कानाने थोडे मंद पण डोक्याने नव्हे. पुरुष खाली, आम्ही बायका पदर ओढून ओट्यांवर. गलालचंद शांतपणे बोलला. फोईबद्दल आदर आहे म्हणाला, आईसारखी आहे म्हणाला. पण बातमी ऐकून ती तशीच बसून राहिली आणि बऱ्याच वेळाने मागायला आली. कायदा पोळीचा आहे, त्याचा नाही. पंचांना पटत नसेल तर कोर्ट आहेच, आणि त्याच्या वकिलानेही हेच सांगितलं आहे. विटा भिजायच्या आत काम सुरू व्हायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

उगरचंद शेठनी बायकांना एकेक करून विचारलं. दिवाळीने बातमी दिली तेव्हा काय झालं? पहिली म्हणाली, मी जपात होते, डोळे मिटलेले, काही ऐकलं नाही की पाहिलं नाही. दुसरी तेच म्हणाली. तिसरीही. गलालचंदच्या विरुद्ध जायचं नाही आणि फोईचंही वाईट करायचं नाही, असा त्यांनी आपसात काढलेला मार्ग होता. कुणीच ऐकलं नाही तर बातमी दिलीच गेली नाही असं ठरेल आणि फोई सुटेल, असा भाबडा हिशेब. मलाही तो क्षणभर बरा वाटला. गलालचंदचा चेहरा पहिल्यांदा पडला.

मग शेठनी फोईला विचारलं, "पारसनबेन, तुम्ही ऐकलंत?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण. एक शब्द आहे, म्हणून टाक. उभ्या पोळीला तुझं खोटं चालणार आहे.

"ऐकलं," फोई म्हणाली.

 शेठनी विचारलं, मग काय केलंत. "उभी राहिले. तोंडाला नियम होता, पायांना नव्हता. घटिका संपेपर्यंत उभी होते."

"कुणी पाहिलं?"

फोईने ओट्यांकडे पाहिलं. त्या सगळ्या बायकांनी आत्ताच, पंचांपुढे, आपण काही पाहिलं नाही असं सांगितलं होतं. आता त्या कुठल्या तोंडाने बोलणार? एकीने पदर आणखी खाली ओढला. एक रडायला लागली. वाचवायला निघालेल्यांनीच तिला बुडवली होती आणि ते त्यांना कळत होतं. गलालचंद म्हणाला, स्वतःची साक्ष स्वतः कशी चालेल? शेठनी मान हलवली. कबुतरं घरट्यांकडे परतत होती. फोई कुलपावर ठेवलेला तोच हात दुसऱ्या हाताने चोळत बसली.

निकाल लागलाच होता म्हणा ना. पण सगळी पोळ फोईकडे कळवळून बघत होती आणि ते दिवाळीला सहन होईना. जिंकत होती ती आणि साध्वीसारखी दिसत होती दुसरीच. ती पदराआडून बोलली.

"बाकीच्यांचे डोळे मिटले होते, माझे नव्हते. फार धर्माची म्हणतात ना हिला? मी बोलले मात्र, ही आसनावरून ताडकन उठली. वाळू संपेपर्यंत खांबासारखी उभी. सामायिकात मन असं घरादारात ठेवतात का? हे का कुणी विचारत नाही तिला?"

गलालचंदने मान वळवून बायकोकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत उगरचंद शेठनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "वहू, मला नीट ऐकू आलं नाही. परत सांग."

तिने परत सांगितलं. जास्त मोठ्याने सांगितलं.

"मग बेचरने तरी वेगळं काय केलं होतं," शेठ म्हणाले. "घर पारसनबेनचं. किंमत उद्या पोचवावी."

गलालचंद कोर्टात जाईन म्हणाला होता, पण गेला नाही. भर पोळीत घरच्याच माणसाने साक्ष दिल्यावर वकिलाने त्याला दुसरीकडे जागा बघायला सांगितलं म्हणे. विटा गाड्यांत भरून गेल्या. दिवाळीला आपण काय केलं ते कितीतरी दिवस समजलं नव्हतं. ती अजूनही म्हणते, मी खरं तेच बोलले.

एका बाबतीत ती खरी होती, हे फोईनेच साध्वीजींना सांगितलं. मी सोबत होते. साध्वीजी म्हणाल्या, उभं राहण्यात दोष नाही, ध्यान उभ्यानेही होतं. फोई म्हणाली, "महाराज, ध्यान कसलं? नवकार मंत्राचा एक शब्द मनात नव्हता. सगळा वेळ ती भिंत चढताना दिसत होती मला." तिने प्रायश्चित्त मागून घेतलं आणि मुकाट्याने पूर्ण केलं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. पंच उठले तेव्हा सूर्य बुडाला होता, आणि दिवस मावळल्यावर आम्ही खात नाही, त्यामुळे त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सोनं देऊन, किंमत पोचवून आली आणि चौकात उन्हात पाट मांडून बसली. मला म्हणाली, वाढ. मी चमच्याने वाढायला लागले तर माझ्यावर खेकसली, "भरून वाढ." महिन्याभरानंतर ती भरलेल्या ताटावर जेवत होती. शेवटचा घास झाल्यावर तिने हात पुढे केला.

"लोटा दे."

मी लोटा दिला. तिने ताट विसळलं, कडेकडेने बोट फिरवून कण न् कण गोळा केला आणि ते पाणी घोट घोट, अगदी सावकाश प्यायली. मध्येच तिला हुंदका आला, तो तिने आवरला नाही. माझेही डोळे भरून आले होते.

"बापूजींना एवढाच वेळ लागला होता," ती म्हणाली, आणि रिकामं ताट उन्हात तसंच धरून बसली.