चाळीस हातांची वाडी

चौथीनंतर मी शाळा सोडली आणि वटार गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत उतरलो. त्याची लाज मला आजवर वाटलेली नाही. थोरला भाऊ मात्र मॅट्रिक. त्याला घरात कुणी केळींना पाणी लावायला सांगत नसे. पाण्यानं शिक्षण विरघळलं तर काय घ्या.

एवढं शिकूनही त्याचं लग्न जमेना, आणि त्याचं झाल्याखेरीज माझं होणार नव्हतं. मला जी हवी होती तिच्या बापानं तर दुसरीकडे बोलणी सुरू करायची धमकीच दिली होती.

शेवटी विरारकडचं एक स्थळ आलं. मुलीचे मामा हायस्कुलात मास्तर. मुलगी पाहून झाली, वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची बशी फिरली, तसे मामा पाटी मागवून म्हणाले, "नवरामुलगा मॅट्रिक आहे म्हणे. मग हे घ्या. लांबट चौकोनी वाडी आहे. चारी बाजूंचं कुंपण चाळीस हात, आतली जागा दीडशे चौरस हात. लांबी-रुंदी काढा. अंदाजानं नको, सूत्रानं."

दादानं आरतीच्या चालीवर सूत्र म्हटलं, "उणे ब, अधिक किंवा उणे, ब वर्ग वजा चार अ क यांचं वर्गमूळ, भागिले दोन अ." मामांनी डोळे मिटून मान डोलावली. मग दादा लिहू लागला आणि अडला. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा अडला. मामांनी पाटीवर नजर टाकली आणि घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला.

"फार अवघड घातलंत का?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"छे. माझी पोरं चुटकीसरशी सोडवतात."

दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून भराभर लिहिलं. "लांबी सुमारे सतरा हात, रुंदी तीन."

मामा पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. "बरोबर," ते म्हणाले. "मुलगा हुशार आहे." तिथंच सुपारी फुटली.

परतताना मी विचारलं, "दादा, मध्येच घोडं कुठं अडलं?"

"वर्गमुळाखाली उणे दोनशे आले. उण्याचं वर्गमूळ निघत नाही. तसली वाडी असूच शकत नाही."

"मग?"

"उण्याचं चिन्ह पुसलं."

"आणि मामांना कळलं नाही?"

"माझ्याआधी कळलं. त्यांनीच गणित मनानं रचलं होतं."

एवढं शिकायला लोक मॅट्रिकपर्यंत का जातात, ते त्या दिवशी समजलं. उन्हाळ्यात एकाच मांडवात दोघांची लग्नं उरकली.

पुढे वहिनीच्या धाकट्या बहिणीला पाहायला एक मुलगा आला. मामांनी तेच गणित घातलं. एव्हाना ते घराण्याचं झालं होतं. मुलानं पाटी खाली ठेवली. "मास्तर, चाळीस हातांच्या कुंपणात शंभराच्या वर जागा मावतच नाही. गणित चुकलंय."

मामा दादाकडे वळले. "जावईबापू, तुम्हाला आलं होतं ना हो?"

"लगेच," दादा सुकेळं चघळत म्हणाला.

मुलगा उद्धट ठरला, स्थळ मोडलं. मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडणार होतो, पण माझाही संसार त्याच वाडीत उभा होता.