खंडेनवमीचा ट्युबा

लग्न होऊन भोसरीत आले, तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात पितळेचं एक धूड बसलेलं होतं. मला वाटलं, अंघोळीचा बंब. सासूबाईंना विचारलंसुद्धा, "ह्यात कोळसे कुठून घालायचे?" त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. तो बँडातला ट्युबा आहे आणि माझा नवरा तो फुंकतो, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कानांनीच कळलं.

तेव्हा मी स्वतःला फार समजायचे. एका वर्कशॉपात ट्रेसर होते. साहेबांचं पेन्सिलीतलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवायचं, एवढंच काम. पण चालायचे अशी, की सगळी यंत्रं माझ्याच डोक्यातून निघतात. हे बँडात वाजवायला निघाले की शेजारणी विचारायच्या, "कुठं चालले हो तुमचे?" मी म्हणायचे, "ओव्हरटाइमला." खांद्यावर एवढा मोठा भोंगा घेऊन माणूस कुठल्या ओव्हरटाइमला जातो, हे त्या बिचाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा ड्रॉइंगवर माशी बसून गेली. तिचा ठिपकाही मी इमानेइतबारे गिरवला. कारागिरांनी तिथं भोक पाडलं. फोरमन म्हणाला, "बाई, दिसतं ते सगळंच काढायचं नसतं." मी कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाही.

हे लेथवर होते. लष्करातून निवृत्त झालेल्या एका बँडवाल्यानं त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं होतं. दर खंडेनवमीला त्यांच्या वर्कशॉपात मशिनी पुसून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवत, तेव्हा हे मधोमध उभे राहायचे. म्हणायचे, "आज त्या गप हायेत, त्यांच्या वतीनं मी बोलतो." मग ट्युब्यातून कॉम्प्रेसर सुटायचा, प्रेस आपटायचा, लेथ कुरकुरायचा. शेवटी सगळ्यांच्या खालून एक लांबलचक सूर यायचा आणि म्हातारे कामगार डोळे पुसायचे म्हणे. म्हणे, कारण मी जायचे नाही. घरात सराव चालायचा तेव्हाही मी मिक्सर लावायचे.

गेल्या वर्षी ह्यांची फुप्फुसं आकसायला लागली. तोवर आम्ही मुलाकडे पुनावळ्याला राहायला आलो होतो. डॉक्टरांनी फुंकायचं नाही म्हणून बजावलं. ह्यांना एकच घोर, खंडेनवमीचं ते वाजवणं आपल्याबरोबर जायला नको. त्यांच्या जागी बँडात आलेला माणूस लातूरकडचा, चाकणला कंपनीत. तो सुटायचा तेव्हा हे दमून झोपलेले असायचे, ह्यांना जरा बरं वाटायचं तेव्हा त्याची शिफ्ट. समोरासमोर शिकवणं जमेना.

"तू लिही," हे म्हणाले.

"मी? मला सा कळत नाही."

"सूर मी सांगतो. पण ह्या आवाजांच्या खुणा आमच्या पुस्तकात न्हाईत. त्या तू काढ. गिरवायला येतं ना तुला?"

अशा आवाजांना कुठं ना कुठं चिन्हं असतीलच. आम्हाला ठाऊक नव्हती. मग मी ड्रॉइंगमधलीच वापरली. सूर न काढता नुसती हवा सोडायची, तिथं पोकळ गोल. जीभ फडफडवत फुंकायचं, तिथं सुराच्या दांडीवर तीन तिरप्या रेघा. झडप अर्धीच दाबायची, तिथं अर्ध्या गोलात हॅचिंगच्या बारीक तिरप्या रेघा. फुंकता फुंकता घशातून गायचं, तिथं वरच्या बाजूला तुटक रेघ, कारण आतली न दिसणारी कड आम्ही तुटक रेघेनंच दाखवायचो. ते पाहून हे हसले. "आक्शी बरोबर. गळा आतच असतो."

डॉक्टरांचं ऐकतो कोण. थोडं फुंकायचे, थांबायचे, मी काढायचे. मिक्सर बंद होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याजवळ बसून ऐकत होते, आणि ऐकू येईल ते सगळं काढत होते.

हे श्रावणात गेले.

नवमीच्या आधी तो लातूरकर ट्युबा घेऊन घरी आला. माझे कागद त्यानं खुर्चीवर टेकवले. कॉम्प्रेसर सुटला. प्रेस आपटला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मग शेवटचा सूर आला. त्याच्या आधी त्या धडधाकट माणसानं एक घोगरा, खरखरीत श्वास आत ओढला. सूर मध्येच तोडून पुन्हा तसाच श्वास ओढला. पुन्हा तोडला, पुन्हा तसाच.

रात्ररात्र ह्यांच्या शेजारी पडून ऐकलेला आवाज तो.

"तसं नका करू हो," मी म्हणाले.

"तुम्हीच काढलाव की मावशी," त्यानं कागदावर बोट ठेवलं. "ही नागमोडी रेघ. मला वाटलं, वाफेचं मशीन असंल."

रेघ माझीच होती. स्वच्छ, एकसारख्या जाडीची. ह्यांनीही ती पाहिली होती, आणि तशीच राहू दिली होती.

मी जुनी सवय म्हणून ठेवलेलं ब्लेड आणलं आणि ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडली. एकेक करून सगळ्या नागमोडी रेघा घालवल्या. शाईची बुकणी फुंकून टाकायची होती. त्या फुंकरीला थोडा वेळ लागला.

त्यानं कागद पुन्हा निरखला. "मग मावशी, श्वास कुठं घ्यायचा? काका धड होते तवा कुठं घ्यायचे?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला नुसता मिक्सर आठवला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तुम्हाला लागेल तिथं घ्या."

त्यानं मान हलवली, ट्युबा मांडीवर नीट घेतला आणि तो खालचा सूर पुन्हा धरला. मी त्याच्या समोर खाली बसले, ऐकायला.