आमचे साडूभाऊ आणि सहाची हाक

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. उदगीरला त्यांच्या घरी जा, कोणतीही वस्तू आवरणाशिवाय दिसली तर पैज हरलो म्हणेन. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. सोफ्यावर कव्हर, आणि ते मळू नये म्हणून वर चादर. दुसरी काळजी वेळेची. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस. 'साडेपाच झाले असतील' हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागतं. माझ्याच लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी, "थांबा! भटजींचं घड्याळ पुढं हाय!" असं ओरडून त्यांनी सगळा मांडव थांबवला होता. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर मनगटावर घड्याळच बांधत नाही.

या माणसाला नाद कशाचा, तर हौशी रेडिओचा, म्हणजे बिनतारी सेटवरून लांबच्या माणसांशी बोलण्याचा. सरकारी परवाना, गच्चीवर तारांचं जाळं आणि टेबलावर एक सेट. त्या सेटलाही अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, रेक्झिनचा अंगरखा शिवलेला. "माझी सवत हाय ती, तिला उघडी कशी ठेवू?" असं त्या म्हणतात. या सेटवरून साडूभाऊ रोज संध्याकाळी सहाला बिलोलीच्या आपल्या शाळासोबत्याला हाक मारतात. साखरेच्या आजारानं सोबत्याची नजर गेली आहे. मोबाइल त्याला नको वाटतो. "गुळगुळीत काच, चाचपू काय?" म्हणतो. त्याच्याकडच्या तसल्याच सेटची बटणं मात्र बोटांना पाठ. घरात मुलगा-सून आहेत, पण दिवस मावळला यावर त्याचा विश्वास बसतो तो साडूभाऊंचा आवाज ऐकूनच. मगच चहा, मगच गोळ्या.

मध्यंतरी सेटमधला आवाज तुटायला लागला. कंपनीनं आतल्या प्रोग्रॅमची, म्हणजे फर्मवेअरची, नवी आवृत्ती काढली होती. ती संगणकावरून केबलनं सेटमध्ये भरायची. नांदेडच्या एका कॉलेजात मी संगणक सांभाळतो, म्हणून बोलावणं आलं. "पाव्हणं, दुपारीच या. भरता भरता तार तुटली तर सेट मरतो म्हणत्यात. मला चार दिस झोप न्हाई."

गेलो, तर घरात सुतकी शांतता. वीज खेचली जाईल म्हणून फ्रिज बंद. मिक्सरला बंदी. अक्का खलबत्त्यात चटणी कुटू लागल्या तर हे धावले, "अगं, टेबल हादरून राहिलं!" मी केबल जोडली. संगणक म्हणाला, पोर्ट सापडत नाही. ड्रायव्हर घातला. पोर्ट सापडला, पण भरणाऱ्या प्रोग्रॅमला हवा होता पोर्टचा एक नंबर आणि संगणकानं दिला होता भलताच. तो बदलला. वेग जुळवला, केबल बदलली. अखेर हिरवी पट्टी पुढं सरकू लागली, साडूभाऊंनी हात जोडले, आणि निम्म्यावर पट्टी थांबली. संपर्क तुटला. सेटचा पडदा काळा झाला.

"मेला," साडूभाऊ पुटपुटले.

मी पुन्हा पुन्हा सुरुवात केली. दर वेळी पट्टी थोडी सरके आणि थांबे. भिंतीवर सहाचे टोले पडले. "बिलोलीला फोन करून कळवा ना," मी म्हटलं. "त्याचं पोरगं फोन घेऊन शेतावर असंल, आन सांगू काय?" साडूभाऊ म्हणाले. "बटन फिरवून राहिला असंल तो. माझ्याच वंगाळ बुद्धीनं सेट उघडायला गेलो."

सेट उघडायला! सेट तर अजून उघडलाच नव्हता. मी त्या अंगरख्याकडे नीट पाहिलं. मागच्या बाजूला केबलपुरतं भोक, त्याला अक्कांची जाड दुहेरी शिलाई. ती मध्ये येत असल्यामुळे पिन पूर्ण बसतच नव्हती. नुसती टेकून होती. "कव्हर काढावं लागेल," मी म्हणालो. "धूळ लई हाय हो," साडूभाऊ अशा स्थितीतही म्हणाले. अक्का आतून कात्री घेऊन आल्या आणि एका दमात अंगरखा उभा कापला. "दुसरा शिवीन. तिकडं ते माणूस ताटकळलंय."

पिन खट्‌ करून आत बसली. या वेळी पट्टी टोकापर्यंत गेली. पडदा उजळला. साडूभाऊंनी माइक उचलला आणि हाक मारली. खरखर झाली, आणि मग स्वच्छ आवाज आला.

"आज सहा वाजलेच न्हाईत का, गड्या? मी कवाचा बसून हाय."

साडूभाऊंनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात पावणेसात होऊन गेले होते. भर मांडवात मुहूर्त अडवणाऱ्या या माणसानं घड्याळाकडे पाठ फिरवली.

"वाजले की," ते म्हणाले. "हे बघ, आत्ताच वाजले."

"हाव का? मग चहा सांगतो."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मला तर हसावं की रडावं कळेना. साडूभाऊ उघड्या सेटवरून उपरण्यानं धूळ पुसत राहिले.

आता नांदेडात संध्याकाळी सहा वाजले, की हातातलं काम ठेवून मी उगाच थांबतो. उदगीरहून हाक गेली असेल ना, एवढीच काळजी वाटत राहते.