ठकीची निवृत्ती

बदककाकूंसमोर 'बिचारी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. यजमान गेले तेव्हा समाचाराला आलेल्या एका बाईंनी तो उच्चारला आणि काकूंनी त्यांच्या हातातला चहाचा कप परत घेतला, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. काकूंची नोकरी टेलिफोन ऑपरेटरची झालेली. त्यामुळे पलीकडच्याला ऐकू येत नाही, असं धरूनच त्या बोलायच्या.

घरामागच्या मोकळ्या तुकड्यात त्यांनी दोन बदकं पाळली होती, ठकी आणि ठमी. डोंगरीहून येणाऱ्या मासळीवालीने पिल्लं आणून दिलेली. ठमी अंड्यांच्या भानगडीत कधी पडली नाही; ठकी मात्र जवळजवळ रोज अंडं द्यायची आणि काकू ती मजल्यामजल्यावर वाटायच्या. त्या दिवसांत बदकांच्या घाणीबद्दल सोसायटीत कुणाची तक्रार नव्हती. खाल्ल्या अंड्याला जागणारी माणसं आम्ही.

मग ठकीची अंडी मऊ, कवचाशिवाय यायला लागली. एका सकाळी ती कोपऱ्यात शेपटी खाली टाकून नुसती कुंथत बसली. मासळीवालीने वाकून बघितलं. "अंडं अडलंय, बाय. आता ही वाचत न्हाय. कापून खा."

"उद्या तू अडलीस तर तुझ्या घरीही हेच सांगते," काकू म्हणाल्या, आणि ठकीला टोपलीत घालून, मला पायातल्या घरातल्या चपलांसकट ओढत, रिक्षात बसल्या.

केबिन रोडजवळचे ते डॉक्टर खरे कुत्र्या-मांजरांचे. पण भले निघाले. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यात बसवायला सांगितलं. "पोट दाबू नका. अंडं आत फुटलं तर ती हातची जाईल." टब माझा, कपडे भिजवायचा. दुपारी त्यात अंडं पडलं आणि काकू रडल्या. मी बघतेय हे लक्षात येताच म्हणाल्या, "तुझा वर गॅस चालू असेल, जा."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. उजेड जास्त मिळाला की बदक अंडी घालतच राहतं, अंगातलं सगळं कॅल्शियम त्यात जातं. आणि आमच्या सोसायटीने चोरांच्या भीतीने मागच्या भिंतीवर नवाकोरा फ्लडलाइट लावलेला. ठकीचा दिवस मावळतच नव्हता. काकू सेक्रेटरींकडे गेल्या.

"काकी, सेफ्टी का सवाल है. एक बदक के लिए पूरी सोसायटी अंधेरे में रहेगी क्या?"

"अंधेरे में वो बैठेगी, तुम नहीं. लाइट गेट की तरफ घुमाव. चोर क्या मेरे पीछे से आएगा? आने दो, मैं हूँ ना."

अर्ज झाला, मीटिंग झाली, लाइट तसाच. शेवटी काकूंनी तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवला आणि सत्तरीच्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून स्वतः दिव्याच्या एका बाजूला आडोसा बांधला. वॉचमन खाली स्टूल धरून देवाचा धावा करत होता. सेक्रेटरींनी पत्रा काढवला. काकूंनी पुन्हा बांधला. तिसऱ्या वेळी सेक्रेटरी दमले.

ठकीची अंडी थांबली. पिसं तुकतुकीत झाली. आणि तक्रारी सुरू झाल्या; अचानक सगळ्यांना वास यायला लागला. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "अंडी देत नाही, मग ठेवलीय कशाला?"

"रिटायर झालीय ती. तुम्ही रिटायर झालात तेव्हा तुमच्या बायकोने विचारलं का असं?"

पुण्याहून मुलाचा फोन यायचा: आई, इकडेच ये, मुलांकडे बघायला कुणीतरी हवंच आहे. "हवंच आहे, म्हणून येत नाही," काकू फोन ठेवून मला सांगायच्या. "आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडले. आता कुणाच्या उपयोगी पडायचं नाही, असं ठरवलंय. जमतंय हळूहळू."

पुढच्या वर्षी होळीनंतर दिवस मोठे झाले आणि ठकीने पुन्हा अंडं घातलं. सोसायटीने अभिनंदन केलं. काकूंचा चेहरा मात्र उतरला. त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पुढचं अंडं आतच राहिलं, पोट फुगलं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण ठकी टेबलावरच गेली.

परतताना टोपली काकूंच्या मांडीवर होती. रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वर्षभर तिने कुणाला काही दिलं नाही. मजेत जगली. ते वर्ष मी तिला मिळवून दिलं. भांडून."

आम्ही आता भाईंदरला राहत नाही. गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. संध्याकाळी लेक लाडात येऊन म्हणाली, "आई, आता तू मोकळीच आहेस ना, मग—"

"आहे," मी म्हटलं. "आणि राहणार आहे."