गोल बटणाची गाडी

देवापुढे जोडते तसेच हात मी एका गोल बटणापुढेही जोडते. हसायचं त्याने खुशाल हसावं.

आमचे सासरे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. निवृत्त झाल्यावर वर-खाली पुरे, आता आडवं काहीतरी चालवू, असं त्यांना वाटलं असणार. मागच्या खोलीत त्यांनी मोठं टेबल ठोकलं, त्यावर रूळ बसवले आणि वीतभर इंजिनाला डबे जोडले. चालवायला एकच बटण. जेवढं फिरवाल तेवढी गाडी पळणार.

माझ्या नवऱ्याला हे फारच जुनाट वाटलं. त्याने हौसेने कॉम्प्युटरवाली यंत्रणा आणली. इंजिनात चिप, हातात बोट टेकवून चालवायचा पडदा, शिट्टीसुद्धा आयती. लेकाचं मन मोडू नये म्हणून सासऱ्यांनी जुनं बटण माळ्यावर टाकलं.

अशात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. बोटं हलवत राहिल्या तरच हात परत येईल, असं डॉक्टरांनी बजावलं आणि दाबायला रबरी चेंडू दिला. सासूबाईंनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मग सासऱ्यांनी त्यांना गाडीपाशी बसवलं. उजव्या हाताचं लुळं बोट पडद्यावर भलतीकडेच टेकलं, गाडी सुसाट सुटली आणि वळणावर टेबलाखाली कोसळली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "माझ्याच्याने आता काही होत नाही," म्हणाल्या.

सासऱ्यांनी लगेच चिप काढली आणि माळ्यावरचं बटण खाली आणलं.

"बाबा, अहो, ते एवढं भारीतलं..." नवरा कुरकुरला.

"तुझं यंत्र हुशार आहे रे. पण त्याला ठाम हुकूम लागतो. या बटणाला नुसतं चाचपलं तरी कळतं."

खरंच कळायचं. सासूबाईंचा अंगठा जरासा सरकला की इंजिन गुणगुणायचं, जागचं मात्र हलायचं नाही. तेवढ्यावरही सासरे खूश. पुढे गाडी गोगलगायीसारखी सरकू लागली. चेंडूवर रुसलेल्या सासूबाई चहा झाला की स्वतःहून मागच्या खोलीत जायला लागल्या. मी दारातूनच बघायची आणि मनात म्हणायची, बाबा रे बटणा, तुझे फार उपकार आहेत.

एका दुपारी गाडी झोकात वळसे घेत होती. "पुरे, आता माझी पाळी," म्हणत सासऱ्यांनी बटणाकडे हात नेला आणि त्यांच्या मनगटावर फाडकन चापट बसली.

उजव्या हाताची!

सासूबाई आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. सासऱ्यांचे डोळे भरून वाहत होते. मनगट चोळत ते घरभर ओरडत सुटले, "सूनबाई, धावत ये गं! हिने मला मारलं!"