डोंगरामागची गाळलेली जागा

ती घटना आजही आठवली की मला आरोपीची कीव येत नाही, रागच येतो. तेव्हा मी सोनाळ्याच्या बाजूला ठाणेदार होतो. संत्र्याच्या एका बागायतदारावर कोणीतरी मागून कुऱ्हाड चालवली. तो खामगावच्या दवाखान्यात बेशुद्ध, आणि साक्षीदार एकही नाही. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून आम्ही तपास सुरू केला.

पानठेल्यावरच्या खबऱ्याने कानात सांगितलं, "साहेब, आशाताईचा नवरा रोज मोबाइलमधी रेघाच पाहून राह्यला." आशाताई म्हणजे गावातली आरोग्यसेविका. नवऱ्याला ठाण्यात आणलं. आरोपी पुरावा लपवतो हा माझा अनुभव. याने मात्र आपणच मोबाइल पुढे केला. बायकोचा फोन कुठे कुठे जातो ते त्यातल्या ॲपमध्ये नकाशावर रेघेने दिसत होतं.

"बायको म्हणते, मी डोंगरामागच्या पाड्यावर गेलती. अन् रेघ पाहा, त्या संत्रेवाल्याच्या बागेतून जाऊन राह्यली! मंग काय, घेतली कुऱ्हाड."

रेघेच्या दोन्ही टोकांना ठिपके होते, मधे एकही नव्हता.

"मधात ठिपका काऊन नाही बे?" मी विचारलं.

"ठिपका कशाले पाह्यजे? मले समजते न!"

आशाताईंचा जबाब दोन ओळींचा. "बाळंतणीले पाह्याले गेली होती. याले सांगूनच गेली, पण याचा भरोसा मोबाइलवर."

दुसऱ्या दिवशी तेच ॲप माझ्या फोनवर घेतलं आणि हवालदारासोबत त्यांच्या वाटेने पाड्यावर गेलो. वाट नाल्याला वळसा घालून जाते, बाग पार दुसरीकडे राहते. डोंगरात शिरताच रेंज गेली, पाड्यावर पुन्हा आली. पाड्यावरची बाळंतीण म्हणाली, ताई आल्या होत्या. फोन पाहिला तर ॲपने मधली जागा सरळ रेघेने भरून टाकलेली, थेट बागेवरून!

ती रेघ मी आरोपीला दाखवली. आशाताई समोरच उभ्या होत्या. त्याने बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे डोळे बारीक करून विचारलं, "मंग साहेब, तुमी काऊन गेलते बागेत?"

हवालदार हसला. आशाताई हसल्या नाहीत. पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते खोटं नाही. मशीनला रेंज मिळाली नाही म्हणून तिने रेघ ओढली, पण त्या रेघेवर माणूस उभा केला तो याच्या जळक्या मनाने. पुढे माहिती नसेल तिथे 'माहीत नाही' असंच लिहायची ताकीद मी ठाण्यात सगळ्यांना दिली. बागायतदार वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. का, ते त्याला शुद्धीवर आल्यावर मलाच सांगावं लागलं.