तहानलेलं झाड

हिंदी शाळेत शिकलेली आणि घरात वऱ्हाडी बोलणारी मी, चाळिशीला टेकल्यावर इंग्रजीची बाई व्हायला निघाले होते. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या एका खासगी शाळेत जागा निघाली होती. तिघांसमोर पाच मिनिटं आपल्या गावाबद्दल इंग्रजीत बोलायचं, जमलं तर नोकरी. मला ती इतकी हवी होती की फोडणी देतानाही मी इंग्रजी पुटपुटायचे.

अशात मला एक साइट सापडली आणि माझे पाय जमिनीवर राहिनात. एक शब्द टाकला की त्याच्या शेजारी कोणते शब्द किती वेळा बसतात ते ओळीने दिसायचं, अगदी पंगतीसारखं. पावसाशेजारी 'हेवी', चहाशेजारी 'स्ट्राँग'. घरातलं काही म्हणून मी सोडलं नाही. नवरा टाकला तर शेजारी 'एक्स', म्हणजे माजी. त्या दिवशी हे एक पोळी कमी जेवले.

सासूबाई रामाकोना गावातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत माझी तयारी ऐकत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "झाडाचं पानी तोडून त्याले तहानलं ठेवा लागते, तवा ते फुलते. हे सांग ना त्याइले."

मी हौसेने ते इंग्रजीत करून साइटवर टाकलं. एकही निकाल नाही. असं कोणी बोलत नाही, म्हणत मी वाक्य खोडलं. त्या उठून झाडांकडे गेल्या, आणि मी निर्लज्जासारखी 'ऑरेंज' टाकत बसले. शेजारी पहिल्या नंबरावर 'ज्यूस'. पहिला नंबर म्हणजे बरोबर उत्तर, हा माझा शाळेपासूनचा हिशेब. भाषणाच्या कागदावर जिथे 'ऑरेंज' होता तिथे मी 'ज्यूस' चिकटवला.

मुलाखतीत मी ठसक्यात सांगितलं की आमचं घर तीन पिढ्या ऑरेंज ज्यूस पिकवतं. मधल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, ज्यूस कोणत्या झाडाला लागतो. मला जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांत पाणी आलं, नोकरी गेलीच होती, मग भीती कशाची? कागद उलटा ठेवला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, आम्ही पाणी तोडतो, झाडाला तहानलं ठेवतो, मग ते फुलतं.

मॅडमनी पेन उचललं आणि ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. सोमवारपासून या, असं तिथेच सांगितलं.

घरी येईपर्यंत मी ऑटोत एकटीच हसत होते. सासूबाई ओसरीवर संत्री निवडत होत्या. मी त्यांच्या पाया पडले आणि सांगितलं, "आई, तुमचंच वाक्य बोलली मी. त्याच्यावरच नोकरी लागली."

त्यांनी हातातलं संत्रं टोपलीत ठेवलं.

"तुया मोबाइलात तं नव्हतं ना ते?"

"नव्हतं."

"मंग आता टाकून दे त्यात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले लागन."